फिरलेले भिंग



अकोल्याचा डॉक्टर अमरावतीच्या व्यासपीठावर आला की त्याने आपल्या यशाच्या चार गोष्टी सांगाव्या, अशी अपेक्षा असते. आम्ही आमची एक फसगत घेऊन आलो आहो.

दर्यापूरकडच्या खारपाण पट्ट्यातले एक पाटील. मोतीबिंदू पिकलेला, त्यातून बुबुळाची वक्रता सर्व दिशांनी सारखी नसल्यामुळे तीनचा सिलिंड्रिकल नंबर. साधे भिंग घातले असते तर हा दोष तसाच उरला असता. म्हणून टोरिक भिंग घातले. त्याला स्वतःचा अक्ष असतो. त्याच्या खुणा बुबुळावर आखलेल्या रेघेशी जुळवावयाच्या. ही रेघ रोग्याला बसवून आखतात, कारण माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत किंचित वळतो. सगळे यथासांग झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली, तो पाटील म्हणाले, ‘‘डाक्टरसाहेब, खांब तं दिसते, पन त्याले सावली लागून राह्यली जी.’’

बाहुली मोठी करून पाहिले. भिंग २२ अंश फिरले होते!

२२ अंश म्हणजे काय? एक अंश ढळला की सुमारे ३.३ टक्के गुण वाया जातो. १० अंशांत तिसरा हिस्सा गेला, ३० अंशांत सगळाच. त्यापुढे दोष उलट वाढतो. पाटलांच्या पदरी तीनपैकी सव्वादोन नंबर परत आला होता.

नैसर्गिक भिंगाची पातळ पिशवी आपण जागेवर ठेवतो आणि नवे भिंग तिच्यात बसवितो. पुढे ती आवळते व भिंगाला धरून ठेवते. तोवर ते सैल. फिरावयाचे ते बहुधा पहिल्या काही तासांतच फिरते. डोळा लांबट असला की पिशवीही मोठी. पाटलांचा तसा होता. शिवाय शस्त्रक्रियेत वापरलेला चिकट द्रव भिंगामागून पुरता धुतला गेला नसावा, असे आमचे मन आम्हाला सांगते.

चष्मा देऊन ‘वयाप्रमाणे लागतोच’ म्हटले असते तर पाटलांनी मानले असते. डॉक्टरच्या शब्दावर शंका घेणे आपल्याकडे अजून अशिष्ट समजतात; या शिष्टपणाच्या आधारावर कितीकांचे दवाखाने चालतात! १९४९ साली लंडनच्या हॅरोल्ड रिडले यांनी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसविले, तेव्हा त्यांचाही नंबर फार चुकला होता. जवळचे तेवढे दिसे. ती चूक जगापुढे मांडली गेली, म्हणून पुढच्यांना हिशेब सुधारता आला. आम्ही पाटलांना खरे ते सांगितले. ते म्हणाले, ‘‘मंग फिरवा ना वापस. सायकलचं हँडल वाकडं झालं म्हनून सायकल कोनी फेकते काय?’’

पण लगेच फिरविले तर सैल पिशवीत ते पुन्हा सरकावयाचे, फार थांबले तर चिकटावयाचे. दहा दिवस थांबलो. नुसते थेंब घालून डोळा बधिर केला, जुन्याच छेदातून द्रव सोडून पिशवी फुगविली, भिंग हलकेच फिरवून रेघेवर आणले, आणि या खेपेला मागची बाजू मन भरेपर्यंत धुतली. फी घेतली नाही.

पुढच्या वर्षी पाटील दुसरा डोळा घेऊन आले. ‘‘हेबी फिरन काय जी?’’

‘‘फिरू शकते,’’ आम्ही म्हणालो.

‘‘बरं,’’ म्हणत त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकविली आणि टेबलावर आडवे झाले. आम्ही त्यांना पुन्हा उठवून बसविले. रेघ आखावयाची राहिली होती.