लपवून घेतलेली गोळी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला आरोग्यावर चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा गुडघे किंवा रक्तदाब असावा. मी माझा विषय सांगितला तशा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "बोला, बोला. मलाही ऐकायचंच आहे." विषय असा की, वारंवार आणि घाईची लघवी लागणे, आणि त्यावर डॉक्टरांनी दिलेली गोळी कशी सांभाळून घ्यावी. मागच्या रांगेत थोडी कुजबुज झालेली दिसते. होऊ द्या. मुंबईत २०११ सालापासून बायकांनी स्वच्छतागृहांसाठी उघड चळवळ चालवली; आपण तर चार भिंतींच्या आत बोलत आहोत.

मी ३१ वर्षे एका रुग्णालयाच्या औषधखान्यात खिडकीशी उभी राहून औषधे दिली. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, हे हजारो लोकांना समजावले. आणि माझ्याच घरात, माझ्या नाकासमोर काय चालले होते ते मला कळले नाही. ती हकीगत माझ्या मोठ्या जाऊबाईंची. त्यांना आम्ही सगळे माई म्हणतो. त्या आज पुढेच बसल्या आहेत, आणि त्यांनीच मला "सांग गं, काही हरकत नाही" असे म्हटले आहे.

माईंना २०१८ साली चौऱ्याहत्तरावे वर्ष होते. त्या भजनाला जाईनाशा झाल्या, लग्नकार्याला जायचे तर सकाळपासून पाणी पिईनात. मंडळाची सहल निघाली की नेमके त्यांचे डोके दुखे. दिवसातून बारा-तेरा वेळा जावे लागे, रात्री तीन-चारदा उठावे लागे, आणि निघाले की एक क्षणही दम धरवत नसे. शेवटी शेजारणीला बरोबर घेऊन त्या गुपचूप डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी लघवी तपासली, साखर तपासली. हे योग्यच केले, कारण जंतुसंसर्ग, मधुमेह, मुतखडा, अंग बाहेर येणे, इतकेच काय रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी, यांमुळेही असाच त्रास होतो. तसे काही निघाले नाही. मूत्राशयाचा स्नायू पिशवी भरण्याआधीच आवळू लागतो, असे त्यांनी सांगितले आणि ऑक्सिब्युटिनिनची गोळी लिहून दिली. "दुसरी काही औषधं चालू आहेत का?" असेही विचारले. माई म्हणाल्या, "काही नाही."

आता हे "काही नाही" म्हणजे काय होते ते ऐका. पायांची आग होते म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी रात्री घ्यायला दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलीनची गोळी. ती माईंच्या हिशेबी झोपेची, म्हणून औषध नव्हे. सर्दीसाठी दुकानातून आणलेली, क्लोरफेनिरामीन असलेली गोळी. ती तर घरात नेहमीचीच. आणि ही नवी गोळी कोणाला दिसू नये म्हणून देवघरातल्या वातींच्या डब्यात.

आठ दिवसांत माईंना भाकरीचा घास गिळवेना, तोंड इतके कोरडे पडले. शौचाला होईना. पेपरातली अक्षरे पुसट दिसू लागली. दहाव्या दिवशी संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "आई आली का गं माहेरून?" त्यांची आई जाऊन चाळीस वर्षे झाली होती. भिंतीवरच्या मुंग्या झाडायला त्यांनी झाडू मागितला, आणि भिंतीवर एकही मुंगी नव्हती. घरात सगळे हळहळले, "वय झालं हो." मीही तेच म्हणाले! ही गोष्ट मला आजही टोचते. दुसऱ्या दिवशी लघवीच बंद झाली आणि ओटीपोट दगडासारखे झाले, तेव्हा रुग्णालयात नेले. तिथे नळी घालून जवळजवळ ८०० मिलिलिटर लघवी काढली. सामान्यपणे मूत्राशयात तीनशे ते पाचशे मावते, त्यावरून काय कल्पना करायची ती करा. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला एवढेच सांगितले, "घरी जा आणि त्यांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणा. सगळ्या." वातींचा डबा मला तेव्हा सापडला.

झाले काय होते? आपल्यापैकी पुष्कळजणी महाशिवरात्रीला शंकराला धोत्र्याचे फूल वाहतात. धोत्र्याचे बी पोटात गेले तर काय होते, हे खेड्यात वाढलेल्या बाईला सांगायला नको: तोंड सुकते, बुबुळे मोठी होतात, माणूस बडबडू लागते, लघवी तुंबते. धोत्र्यात अ‍ॅट्रोपीनच्या जातीची द्रव्ये असतात. ती शिरांकडून स्नायूंना आणि ग्रंथींना जाणारा एक निरोप अडवतात. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडीन, सॉलिफेनासिन या गोळ्याही तोच निरोप अडवतात, मात्र मोजूनमापून, मूत्राशय शांत व्हावे म्हणून. पण गोळीला मूत्राशयाचा पत्ता थोडाच ठाऊक असतो? ती तोंड, आतडी, डोळे, मेंदू, सगळीकडे फिरते. अ‍ॅमिट्रिप्टिलीन आणि सर्दीची ती गोळी यांचाही गुण असाच. पोटातल्या कळांसाठी आपण सर्रास घेतो त्या डायसायक्लोमीनचाही तोच. एकेकटी गोळी सोसते. तिघी एकत्र आल्या की म्हातारपणी मेंदू डगमगतो. वृद्धांना कोणती औषधे जपून द्यावीत याची एक यादी अमेरिकेतल्या मार्क बीअर्स या डॉक्टरांनी १९९१ साली काढली. ती पुढे वेळोवेळी सुधारली गेली, आणि अशा औषधांना तीत मोठी जागा आहे.

माईंची ती गोळी बंद केली, सर्दीची बंद केली, आणि पायांच्या आगीचे औषध त्यांच्या डॉक्टरांनी बदलून दिले. चौथ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "अगं, मी काय काय बोलले गं?" मी काही सांगितले नाही.

म्हणून माझे पहिले मागणे पिशवीचे. डॉक्टरांकडे जाताना घरातली प्रत्येक पट्टी, डोळ्यांचे थेंब, वैद्यांचे चूर्ण, दुकानातून आणलेले सगळे पिशवीत घाला आणि टेबलावर ओता. काचबिंदू आहे का, लघवी अडखळत होते का, बद्धकोष्ठ आहे का, हे त्यांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा. काचबिंदूच्या एका प्रकारात आणि लघवी तुंबत असेल तर या गोळ्या घातक ठरू शकतात. मूत्राशय पुरते रिकामे होते की नाही, हे सोनोग्राफीने पाहता येते. आणि घरातल्या एका तरी माणसाला माहीत असू द्या. नवऱ्याला सांगायची लाज वाटत असेल तर सुनेला सांगा, तिला कळते.

दीर्घकाळ विरघळणारी गोळी असते, ती चावू नये, कुटू नये, सबंध गिळावी. माईंना गिळवेना म्हणून माझ्या नणंदेने एकदा तिच्या गोळीची पूड करून मधात दिली होती. दिवसभराचे औषध एकदम अंगात उतरायचे, म्हणजे नसते धाडस. एखादे दिवशी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. गुण दोन दिवसांत येत नाही, चार ते आठ आठवडे लागतात. धीर सुटला म्हणून आपल्या मनाने मात्रा वाढवू नये. या औषधांनी घाम कमी येतो, तेव्हा वैशाखात पापड वाळवायला गच्चीवर दुपारभर बसू नये. झापड येत असेल तर स्कूटर चालवू नये. आणि शेजारणीच्या यजमानांनाही रात्री उठावे लागते म्हणून आपली पट्टी त्यांना देऊ नये! पुरुषाची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असली तर याच गोळीने लघवी तुंबू शकते.

भलतेच बोलणे, भास होणे, लघवी अजिबात न होणे, डोळा लाल होऊन दुखणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठावा.

माईंचा त्रास मग कसा आवरला, असे चहाच्या वेळी कोणीतरी विचारीलच. पहिले तीन दिवस त्यांनी वहीत लिहिले: केव्हा प्यायल्या, केव्हा गेल्या, किती झाली. त्यात पाच कप चहा निघाला. तो दोनवर आणला. पाणी मात्र तोडले नाही. कमी पाण्याने लघवी दाट होऊन उलट जास्त चुरचुरते. लघवी रोखताना जे स्नायू आपण आवळतो ते आवळण्याचा व्यायाम अमेरिकेतल्या आर्नल्ड केगल या डॉक्टरांनी १९४८ साली मांडला. तो माई पोथी वाचायच्या आधी बसल्या बसल्या करतात. घाई झाली की धावायचे नाही, थांबून आवळायचे आणि कढ ओसरला की सावकाश जायचे. तीन महिन्यांनी थोडे उरले, त्यासाठी डॉक्टरांनी मिराबेग्रॉन दिले. हे वेगळ्या वाटेने काम करते, तोंड फारसे सुकवत नाही. पण त्याने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून आधी दाब मोजला आणि पुढेही मोजतात. रक्तदाब फार चढलेला असेल तर ते देत नाहीत. माईंची गोळी आता फडताळात, सगळ्यांना दिसेल अशी असते, आणि शेजारी सर्व औषधांची यादी चिकटवलेली आहे.

पुढल्या महिन्यातल्या सहलीच्या यादीत माईंनी परवा आपले नाव घातले. अट एकच, गाडी दर दोन तासांनी थांबली पाहिजे. कार्यवाहबाईंनी ती अट यादीच्या वरच, मोठ्या अक्षरात लिहिली आहे, आणि कालपर्यंत तिच्याखाली आणखी अकरा नावे आली आहेत.