दवाखान्याचा हजेरीपट
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



पिंपरीचे नाव देशभर झाले ते प्रथम औषधामुळे. 1954 साली येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली आणि पुढील वर्षी पेनिसिलिन निघू लागले. ज्याला ताप आहे, ज्याची जखम चिघळली आहे, तो औषध मागत येतोच. परंतु रक्तदाब आणि मधुमेह हे प्रारंभी मुळीच दुखत नाहीत. आणि जे दुखत नाही त्यासाठी चाकणच्या कारखान्यातील पाळी बुडवून दवाखान्यात जाणारा तरुण आम्ही तरी अद्याप पाहिला नाही.

सरकारने सोय केली नाही, असे म्हणता येणार नाही. 2018 पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांचे व उपकेंद्रांचे रूप पालटू लागले. 2023 साली त्यांस आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव मिळाले. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब व साखर वर्षातून एकदा तपासावी, तोंडाच्या आणि स्त्रियांच्या बाबतीत स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी, असा दंडक आहे. आशाताई घरोघर जाऊन प्रश्नावली भरतात. मग उणे राहते कोठे?

आमची हयात शाळेत गेली, म्हणून त्याच भाषेत सांगतो. हजेरीपटात हजर मुलापेक्षा गैरहजर मुलाची खूण अधिक बोलकी असते. मुलगा चार दिवस दिसला नाही की घरी निरोप जातो. दवाखान्याच्या वहीत मात्र बहुधा आलेल्याचेच नाव चढते. पोलिओच्या मोहिमेत असे नव्हते. जेथे बालक चुकले त्या घराच्या भिंतीवर कार्यकर्ते फुली मारीत आणि फुलीच्या घरी पुन्हा जात. देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला व मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. आमच्या मते त्या यशात लशीइतकाच त्या फुलीचा वाटा आहे.

पुन्हा जायचे ते मात्र गोडीने. 1897 च्या प्लेगात पुण्यास गोरे शिपाई घरांत घुसले, तेव्हा लोक रोगी लपवू लागले. त्या जुलमाचा शेवट काय झाला हे चापेकरांच्या चिंचवडास सांगावयास नको.

वेळेचाही विचार हवा. सकाळी उघडणारा दवाखाना पहिल्या पाळीच्या कामगारास बंदच असतो. 2023 साली राज्यभर उघडलेल्या ‘आपला दवाखाना’ची वेळ दुपारी 2 ते रात्री 10 ठेवली गेली, हे शहाणपणाचे झाले. शिवाय मनुष्य खोकल्यासाठी येवो वा लेकराला लस टोचून घेण्यास येवो, त्याच्या दंडाला पट्टा बांधलाच पाहिजे. तो मुद्दाम पुन्हा येईल, हा भरवसा धरू नये. भाड्याच्या खोलीत राहणारे आपले तरुण तर गावच्या यादीतही सापडत नाहीत आणि येथल्याही.

म्हणून मंडळापुढे आमची एक सूचना आहे. आपल्याजवळ कुटुंबसूची आहे. तिच्यात तिशीवरील प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना आखावा आणि शेवटच्या तपासणीची तारीख लिहावी. केवळ तारीख, आकडा लिहू नये. कोणाची साखर किती, ही सोयरीक जुळविताना चर्चेची बाब होऊ लागली तर पुढच्या वर्षी कोणीही तारीख सांगणार नाही. रकाना कोरा असेल त्या घरी विभागाच्या कार्यकर्त्याने जावे आणि जवळचे केंद्र केव्हा उघडे असते ते सांगावे. वृद्धांच्या सोबत कोणी नसेल तर आपणच जावे. निगडी, भोसरी व चाकण येथील वह्या आम्ही आखून आणल्या आहेत. त्या व्यासपीठाशेजारच्या मेजावर आहेत. प्रत्येक विभागाच्या दोघांनी सही करून न्याव्यात.