पडद्यावर किती लिहावे?



आजचा आमचा विषय दिसायला लहान आहे. मोबाइलवर वा संगणकावर जे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्यात पडद्यावर मजकूर किती असावा? २०२० साली, करोनामुळे शाळा बंद असताना, शिक्षकांचे ‘निष्ठा’ प्रशिक्षण ‘दीक्षा’वरून घरबसल्या झाले. तेव्हापासून हा प्रश्न आपल्या तळेगावासारख्या गावीही येऊन पोहोचला आहे.

असाच एक पाठ आम्हीही एकदा घेतला. पडदा अक्षरांनी गच्च भरलेला, आणि तेच शब्द कोणी मोठ्याने वाचून दाखवीत होता. डोळे पुढे धावत, कान मागे रेंगाळत. अखेर आम्ही ‘पुढे’ ह्या बटणावर बोट दाबीत सुटलो. प्रमाणपत्र हाती आले. ज्ञान मात्र वाटेतच राहिले!

ह्यात दोष केवळ आमच्या आळसाचा नव्हे. एका वेळी मनात फार थोडे मावते, हे जॉन स्वेलर ह्या मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली मांडले. रिचर्ड मेयर ह्यांच्या प्रयोगांतही असे दिसले, की चित्र चालू असताना निवेदन पुरते. तेच निवेदन शब्दशः लिहूनही दाखविले, तर शिकणे बहुधा घटते. डोळ्यांनी चित्र पाहावे की अक्षरे वाचावी?

मग मजकूर पुसूनच टाकावा काय? मुळीच नाही. ज्याला ऐकू येत नाही, जो गलबल्यात बसला आहे, त्याला लेखी शब्दाचाच आधार; म्हणून निवेदनाचा पूर्ण मजकूर हवा तेव्हा उघडता यावा. आणि नवी संज्ञा, आकडा, धोक्याची सूचना ही तर पडद्यावर ठळक हवीच.

एक उदाहरण घेऊ. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणीचा पाठ रचावयाचा झाला, तर दहा परिच्छेद कशाला? औषधाचे चार डबे दाखवावे. त्यांवर लाल, पिवळा, निळा, हिरवा असे त्रिकोण. सर्वांत जहाल विष कोणते, ते शिकणाऱ्याने बोटाने निवडावे. चुकला, तर तेथेच एक ओळ उमटावी : ‘लाल म्हणजे सर्वांत जहाल.’ मग वाऱ्याची दिशा दाखवून विचारावे, ‘आता कोठे उभे राहाल?’ पाण्यात औषध किती, तो आकडा मात्र लेखीच असावा. कानांनी ऐकलेला आकडा शेतावर पोहोचेपर्यंत बदलतो.

ऑक्टोबर १९३७ मध्ये ह्याच जिल्ह्यात, वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत, गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. पडदा नवा असला, तरी ती कसोटी जुनी झालेली नाही. पाठ संपल्यावर शिकणाऱ्याने किती वाचले, हे विचारू नये; त्याला काय करता येऊ लागले, हे विचारावे. त्या करण्याला जेवढी अक्षरे लागतील, तेवढीच पडद्यावर असावी, असे आमचे नम्र मत आहे.