जोडधंद्यातून स्वतंत्र धंद्याकडे



आपणांपैकी पुष्कळजण दिवसा नोकरी करून सायंकाळी संगणकाचे काम करीत असतात. कोणी दवाखान्याच्या बिलांची व्यवस्था लावून देतो, कोणी पतपेढीचा हिशेब संगणकावर चढवितो, कोणी शाळेचे नेटवर्क चालू ठेवतो. नोकरी सोडून हेच काम पूर्णवेळ करावे काय, हा प्रश्न अशांच्या मनात घोळत असतो. धैर्य तुमच्याजवळ आहेच. मी वकील आहे, तेव्हा कागदाविषयी बोलणार आहे.

प्रथम आपले नेमणूकपत्र काढून वाचा. नोकरीत असताना दुसरे काम करू नये, अशी अट त्यात बहुधा असते आणि ती बंधनकारक ठरू शकते. कल्याणजवळच्या रेयॉन कारखान्यातील एका पर्यवेक्षकाच्या गोलिकरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली हेच सांगितले. मात्र नोकरी सुटल्यावरही तोच धंदा करू नये, ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सामान्यतः टिकत नाही. मालकाची गुपिते मात्र तेव्हाही नेता येत नाहीत. सरकारी नोकरांनी तर पूर्वपरवानगीवाचून खाजगी धंदा करूच नये.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिलेल्या प्रोग्रामची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम वाङ्मयीन कृती गणला जातो, आणि नोकरीच्या कामाचा भाग म्हणून जे लिहिले ते, उलट करार नसल्यास, मालकाचे. म्हणून कचेरीच्या लॅपटॉपवर, कचेरीच्या वेळात, गिऱ्हाइकाचे काम एक ओळभरही करू नका. उलटपक्षी, स्वतंत्रपणे गिऱ्हाइकासाठी लिहिलेल्या प्रोग्रामचा हक्क सहीच्या लेखी कागदावाचून त्याच्याकडे जात नाही. तो द्यावयाचा असेल तर त्याचे मोल वेगळे लावा.

नोकरी सोडण्याची वेळ कशी ओळखावी? गिऱ्हाइकांची संख्या मोजून ती कळत नाही. सकाळी ११ वाजता पतपेढीचे यंत्र बंद पडते, तेव्हा तुम्ही कचेरीत अडकलेले असता. अशी किती कामे हातची गेली ते मांडा. आणि वार्षिक देखभालीच्या करारांतून येणारी ठराविक रक्कम घरखर्चाला पुरते काय ते पाहा. पुरत नसेल तर अर्धवेळ नोकरी धरून ठेवण्यात कमीपणा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली, तरी १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकविण्याचे अर्धवेळ काम ते करीतच होते.

परंतु माझ्या पाहण्यात असे धंदे बुडतात ते कामाच्या अभावी नव्हे, थकलेल्या बिलांपायी. पगार पहिल्या तारखेला येतो. बिल येत नाही. येथे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा तुमच्या बाजूस उभा आहे. सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि काहीही ठरले तरी ४५ दिवसांच्या आत, दिलेच पाहिजेत. मुदत लेखी ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने अशी थकविलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत गिऱ्हाइकाला आयकरात खर्च म्हणून दाखविता येत नाही. नुसत्या विनवणीपेक्षा ही गोष्ट त्याच्या हिशेबनिसाला लवकर पटते! यासाठी उद्यम नोंदणी पाहिजे. ती विनामूल्य आहे. पहिला करार करण्यापूर्वीच करा, म्हणजे पुढे वाद उरत नाही. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी येते, तो हिशेब निराळा.

केंद्र सरकारच्या खात्यांनी व कंपन्यांनी २५ टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करावयाची असून त्या २५ पैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आहेत. १९९० च्या दुरुस्तीपासून या जातींतील बौद्धांनाही तो हक्क आहे. दाखला तयार ठेवा आणि निविदा भरा.

पैसे अडकलेच तर सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. त्यास बिल, कामाची मागणी, काम पोचल्याची ई-मेल आणि उद्यम क्रमांक जोडावा. तोंडी ठरलेल्या कामाचीही त्याच रात्री गिऱ्हाइकास एक ई-मेल पाठवून ठेवावी.