कॉपी केलेलं हरवू नये म्हणून



संगणकावर आपण एक मजकूर कॉपी करतो.
लगेच दुसरा कॉपी करतो…
आणि पहिला जातो.
क्लिपबोर्डवर एका वेळी एकच गोष्ट राहते.

यावर उपाय म्हणजे क्लिपबोर्ड मॅनेजर.
तो आधी कॉपी केलेलंही जपून ठेवतो.

तुमच्याकडे विंडोज 10 किंवा 11 आहे?
मग ही सोय आधीच आहे.
विंडोजचं बटण दाबून धरा…
आणि व्ही दाबा.
पहिल्यांदा ती सोय चालू करा.
पुढे जे कॉपी कराल, त्याची यादी दिसेल.

पत्ता, जीएसटी क्रमांक…
रोज लागणारं तिथेच पिन करा.
संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तरी पिन केलेलं राहतं.
बाकीचं पुसलं जातं.

जुना मजकूर शब्द टाकून शोधायचाय?
मग विंडोजवर डिट्टो हा क्लिपबोर्ड मॅनेजर घ्या.
लिनक्सवर कॉपीक्यू.
दोन्ही मोफत आहेत.

एक मात्र सांभाळा.
कॉपी केलेला पासवर्डही यादीत राहू शकतो.
संगणक सामायिक असेल, तर उठण्यापूर्वी यादी रिकामी करा.

तेव्हा क्लिपबोर्ड मॅनेजर निवडताना तीन गोष्टी बघा.
शोधता येतं का?
पिन करता येतं का?
आणि… सहज पुसता येतं का?