गाडीवरचा आवाज, गटाचा पैसा

आपण एरवी हप्ते, बियाणं, पापड, डाळ यांवर बोलतो. आज बोलू गाडीच्या स्पीकरवर. "हा तर पोट्ट्यांचा विषय" म्हणून रेडिओ बंद करू नका, बरं का.

बचत गटातल्या बायांनी प्रवासी गाडी चालवावी, म्हणून केंद्र सरकारने २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली. त्याशिवाय कुठे गटाच्या कर्जातून मालवाहू ऑटो येतो, कुठे छोटा हत्ती. गाडी घेताना आपण दहा ठिकाणी विचारतो. आठ दिवसांनी तिच्यावर स्पीकर चढतो, तेव्हा मात्र म्हणतो, "पोट्टे पाहून घेतील." आणि पैसा जातो गटाचा.

मालेगाव तालुक्यातल्या एका गटाचं सांगते, गावाचं नाव घेत नाही. भाजी आणि तूरडाळ विकायला त्यांनी ऑटो घेतला. एकीच्या भाच्याने दुकानातून मोठा बास बॉक्स आणला. खोक्यावर १००० वॅट लिहिलेलं. गाणं लावलं की घरांवरचे पत्रे थरथरायचे. पण भाव सांगायला लागलं की गल्लीतल्या बाया विचारायच्या, "काय म्हणते व माय? काहीच समजून नाही रायलं." पुढे एक दिवस सीटखालून जळका वास आला. तार वितळली होती, कारण मध्ये फ्यूजच बसवला नव्हता. गाडी उभी होती आणि बॅटरीची तार लगेच काढली, म्हणून निभावलं. मग बैठकीत प्रश्न आला, हा खर्च कोणाच्या नावावर लिहायचा? हप्ता तर थांबत नाही. दोन बैठका त्या वादातच गेल्या.

म्हणून दुकानात जाण्याआधी बैठकीत एकच गोष्ट ठरवा: आपल्याला ऐकवायचं काय? प्रवाशांना गाडीत गाणी ऐकवायची असतील, तर दारातले साधे गोल स्पीकर पुरे. गल्लीत भाव सांगायचा असेल, तर भोंगा. माणसाच्या बोलण्याला धडधडणारा बास लागत नाही. शब्द कळतात ते मधल्या आणि वरच्या स्वरांमुळे, आणि भोंगा नेमके तेच स्वर पुढे फेकतो.

आता वॅटचं. खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा क्षणभराचा कमाल आकडा असतो. दुकानदाराला विचारा, "आरएमएस वॅट किती?" सतत वाजवताना स्पीकर जेवढं सोसतो, तो हा आकडा. दुसरा प्रश्न विचारा, "संवेदनशीलता किती डेसिबल?" एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती आवाज मिळतो, ते यातून कळतं. गाडीच्या साध्या स्पीकरला हा आकडा ९०च्या आसपास असतो, चांगल्या भोंग्याला १०५ किंवा त्याहून जास्त. दर १० डेसिबलच्या फरकाला १० पट वॅट लागतात. म्हणजे १० वॅटवर भोंगा समोर जेवढा ऐकू येतो, तेवढ्यासाठी साध्या स्पीकरला ३०० वॅट द्यावे लागतील. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. पैसे दुप्पट, आवाज थोडासाच जास्त.

आणि ते वॅट येतात कुठून? गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून. ३० वॅटचा अँप्लिफायर पूर्ण जोरात साधारण ४-५ अँपिअर ओढतो, १०० वॅटचा १५ अँपिअरपर्यंत. बाजारात इंजिन बंद ठेवून मोठा संच तास-दोन तास जोरात वाजवला, तर परत निघताना गाडी ढकलावी लागेल. भाजीच्या गाडीला एक भोंगा आणि ३० वॅटचा अँप्लिफायर सहसा पुरतो.

तिसरा आकडा ओहमचा. अँप्लिफायरवर लिहिलेलं असतं, तो किती ओहमपर्यंत चालतो. ४ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीवर समांतर लावले, तर मिळून २ ओहम होतात. ४ ओहमचा अँप्लिफायर मग तापतो आणि जळतो. "आणखी एक लावून देतो" असं कोणी म्हणालं, तर आधी हा हिशेब मागा.

बसवताना आपल्यातली एकजण तिथे उभी राहिलीच पाहिजे. पाहायचं काय, ते सांगते. बॅटरीच्या अधिक टोकाकडून निघालेल्या तारेवर, बॅटरीपासून वीतभर अंतरातच, फ्यूज हवा. तो पुस्तिकेत दिलेल्याच अँपिअरचा हवा. उडाला तर त्या जागी नुसती तार गुंडाळायची नाही. तार तांब्याची आणि पुरेशी जाड घ्या. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबराची कडी हवी, नाहीतर धक्क्यांनी तारेचं आवरण कापलं जातं. गाडीच्या सांगाड्याला जोडायचं टोक रंग खरवडून उघड्या लोखंडावर पक्कं आवळा. दोन स्पीकर असतील तर दोन्हींची अधिक-वजा जोडणी सारखी हवी. एकाची उलटी झाली, तर दोघांचा आवाज एकमेकांना मारतो. भोंग्याचं तोंड किंचित खाली झुकवा, म्हणजे पावसाचं पाणी आत साचणार नाही. माईक भोंग्याच्या मागे धरा, समोर धरला तर शिट्टी वाजते.

एक गोष्ट कायद्याची. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, तेव्हा आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. शांतता क्षेत्रात, म्हणजे दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत, तो दिवसाही वाजवायचा नाही. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, म्हणजे जवळपास आपल्या बोलण्याएवढीच. म्हणून आवाज कमी ठेवा, गल्लीच्या तोंडाशी दोनदा सांगा आणि बंद करा. सारखा कोकलणारा भोंगा आला की लोक दार लावून घेतात, मग गिऱ्हाईक कुठून येणार?

शेवटचं. त्या गटाने बास बॉक्स मिळेल त्या किमतीला विकला आणि भोंगा घेतला. मग अडलं आवाजावर. "आपला आवाज गावभर? लोक काय म्हणतील?" म्हणून आधी एका माणसाकडून भाव रेकॉर्ड करून घ्यायचं ठरत होतं. तेव्हा एक वयस्क काकू म्हणाल्या, "भाजी आपली, गाडी आपली, हप्ता आपला. मग आवाज काहून दुसऱ्याचा?" त्यांनी स्वतःच बोलून दिलं, सावकाश, एकेक भाव सुटा करून. आता बाया त्या आवाजावरून गाडी ओळखतात.

स्पीकर घेण्याआधी तो दुकानाबाहेर वाजवून पाहा. गाणं लावू नका, तुमच्यातल्याच एकीला बोलायला लावा. दुसरीने शंभर पावलं दूर उभं राहून तिने सांगितलेला भाव परत म्हणून दाखवायचा. जमलं तर पैसे द्या आणि पक्कं बिल गटाच्या नावाने घ्या.