मनीचं पोट बिघडलं तर



ठाण्यात, कोलशेतच्या खाडीकाठी मासळीची टोपली उतरली,
की मांजरं भोवती जमतातच.
कुणी डोकं टाकतं, कुणी काटे.
आणि संध्याकाळी घरची मनी कोपऱ्यात अंग चोरून बसते.
उलटी. जुलाब.

अशा वेळी आपण मायेनं बशीभर दूध ठेवतो.
तेवढं करू नका.
मोठ्या मांजराला दुधातली साखर सहसा पचत नाही.
जुलाब वाढतात.

दूध नको, पाणी हवं.
ताजं, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा.

खायला उकडलेली कोंबडी द्या.
हाडं काढून, बारीक कुस्करून.
मीठ-मसाला नको.
कांदा-लसूण तर मांजराला विषच.

फार वेळ उपाशीही ठेवू नका.
उपास लांबला, तर मांजराचं यकृत बिघडतं.

आता मानेमागची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडा.
ती लगेच सपाट झाली नाही,
तर अंगातलं पाणी कमी झालंय.
तसं असेल, विष्ठेत रक्त दिसलं, किंवा आजारी पडलेलं पिल्लू असेल,
तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

पुन्हा सांगते, दूध नको, पाणी हवं.

आणि आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी मनीला कधीही देऊ नका.
तिनं मांजराचा जीव जातो.